राक्षसाची आरोळी आणि प्रेक्षकांचें हंसूं

(नभोवाणीवरील भाषण)

सुमारें १९८५ सालची गोष्ट आहे. यवतमाळ जिल्ह्यांतील वणी तालुक्यांत एका यात्रेंत फिरत्या सिनेमाच्या तंबूंत बसण्याचा योग मला आला. चित्रपट होता रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर'. कापडी पडदा वाऱ्यानें हालत होता आणि त्यावरचा राक्षस त्या हालण्यानें आपोआपच अधिक विक्राळ होत होता. एक रीळ संपून दुसरें चढेपर्यंत तंबूंत काळोख पडे, आणि त्या काळोखांत फुटाणे खाण्याचा आवाज तेवढा ऐकूं येई. माझ्या पुढेंच जमिनीवर एक वृद्ध शेतकरी आपल्या आठदहा वर्षांच्या नातवाला घेऊन बसले होते. सामरी नांवाचा तो धिप्पाड राक्षस पडद्यावर आला, कोणाच्या तरी अंगांतून तांबड्या रंगाची धार उडाली, आणि मुलानें आजोबांच्या धोतरांत तोंड लपविलें. आजोबा म्हणाले, "अबे, भेतं कायले? रंग हाये थो, रगत नोहे." मुलानें तोंड वर न काढतांच उत्तर दिलें, "मले ठाऊक हाये न आबाजी. पन भेऊ द्या न जरासक!"

पुढें कित्येक वर्षें हें उत्तर माझ्या मनांत घोळत राहिलें. रंग आहे हें ठाऊक आहे, आणि तरीहि भिऊं द्या. फसलेल्या माणसाचें हें बोलणें नव्हे; स्वखुशीनें फसावयास आलेल्या माणसाचें आहे. आपण सुशिक्षित मंडळी अशा रक्तबंबाळ आणि उघड उघड बाष्कळ खेळांना 'हीन अभिरुचि' हें एकच नांव देऊन मोकळे होतों. हें नांव अगदींच खोटें आहे असें मी म्हणत नाहीं. परंतु ही अभिरुचि रामसे बंधूंनीं मुंबईहून आणून आमच्या वऱ्हाडांत पेरली, अशी जर कोणाची समजूत असेल तर ती मात्र चुकीची आहे. या खेळाची वंशावळ पुष्कळ जुनी आहे, आणि तिचा एक थोर मूळपुरुष तर विदर्भांतलाच आहे.

हा मूळपुरुष म्हणजे महाकवि भवभूति. आठव्या शतकाच्या आरंभींच्या या कवीनें आपल्या नाटकाच्या प्रस्तावनेंत विदर्भांतील पद्मपूर हें आपल्या पूर्वजांचें स्थान म्हणून सांगितलें आहे, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं तें गोंदिया जिल्ह्यांतील आमगांवजवळचें पदमपूर होय असें प्रतिपादन केलें. भवभूति म्हटला कीं आपल्याला 'उत्तररामचरित' आठवतें, सीतेसाठीं रडणारा राम आठवतो. पण त्याच कवीच्या 'मालतीमाधवा'चा पांचवा अंक एकदां उघडून पाहावा. स्थळ स्मशान, वेळ रात्रीची. नायक माधव हातांत मनुष्याचें कच्चें मांस घेऊन तें पिशाचांना विकावयास निघाला आहे. एक प्रेत मांडीवर घेऊन त्याचीं कातडीं सोलून खाणाऱ्या पिशाचाचें जें वर्णन तेथें आहे, तें पुढच्या अलंकारशास्त्र्यांनीं बीभत्स रसाचें आदर्श उदाहरण म्हणून आपल्या ग्रंथांत घेतलें. जवळच चामुंडेच्या देवळांत अघोरघंट नांवाचा कापालिक मालतीला बळी देण्याच्या तयारींत आहे. हें सर्व आपण महाविद्यालयांत टीकेसह शिकतों आणि परीक्षेंत त्यावर गुणहि मिळवितों.

भवभूतीचीं नाटकें कालप्रियनाथ या देवाच्या यात्रेंत होत असत, असें त्यांच्या प्रस्तावनेंतच म्हटलें आहे. म्हणजे तीहि यात्राच. विद्वानांच्या मागें गांवची माणसें, आणि त्यांच्या मांडीवर मुलें, हें दृश्य तेथेंहि असलेंच पाहिजे, असें मला वाटतें.

शास्त्राचें मत काय होतें? भरताच्या नाट्यशास्त्रानें भयानक आणि बीभत्स या दोघांनाहि आठ रसांत मानाचें स्थान दिलें आहे, आणि बीभत्सापासून भयानक उत्पन्न होतो असेंहि सांगितलें आहे. मात्र वध रंगभूमीवर प्रत्यक्ष दाखवूं नये असा त्या शास्त्राचा दंडक. भवभूतीनेंहि तो पाळला. अघोरघंट मारला जातो तो पडद्याआड, आणि सहाव्या अंकाच्या आरंभीं त्याची शिष्या कपालकुंडला सूडाची भाषा बोलूं लागते तेव्हां ती गोष्ट प्रेक्षकांना कळते. पण मला येथें अधिक महत्त्वाचा वाटतो तो काश्मीरच्या अभिनवगुप्ताचा विचार. सुमारें एक हजार वर्षांपूर्वीं त्यानें असें दाखविलें कीं रस जेथें खरा नसतो, नुसता त्याचा आभास असतो, तेथें हास्य उत्पन्न होतें. रावणाचें सीतेवरचें प्रेम हें शृंगार नव्हे, शृंगाराचा आभास आहे; म्हणून तें पाहून हंसूं येतें. आणि हीच गोष्ट इतर रसांच्या आभासांनाहि लागू आहे. मग भयाचा आभास झाला कीं काय होईल? त्या यात्रेंतल्या तंबूंत जें झालें तेंच. आधीं किंकाळी आणि मागोमाग हंशा.

आतां कित्येक शतकें ओलांडून आपण सांगलीस येऊं. ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं विष्णुदास भावे यांनीं श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें 'सीतास्वयंवर' नाटकाचा प्रयोग केला, आणि मराठी रंगभूमीचा जन्म झाला, हा इतिहास सर्वांना माहीत आहे. त्याचें मूळ कानडी भागवत मंडळींच्या खेळांत होतें. आरंभीं सूत्रधार, मग अंगाला झाडपाला बांधलेला वनचराच्या वेषांतला विदूषक, मग गणपति, मोरावर बसलेली सरस्वती, आणि नंतर आख्यान. पदें सूत्रधारानें म्हणावयाचीं आणि भाषणें नटांनीं आयत्या वेळीं रचावयाचीं अशी रीत. पण या सगळ्यांत प्रेक्षक ज्याची वाट पाहत बसे तो म्हणजे राक्षस. रंगविलेलें तोंड, मोकळे सोडलेले केस, हातांत नागवी तरवार. तो रंगभूमीवर येण्यापूर्वीं त्याची आरोळी येई, आणि मशालीवर राळ फेंकली कीं आगीचा जो लोळ उठे त्यांतून तो प्रगट होई. नाटकमंडळींत देव, राक्षस आणि स्त्रिया यांचीं सोंगें घेणाऱ्यांचे निरनिराळे ताफेच असत, आणि राक्षसाच्या ताफ्यांतल्या नटाला मुख्य भांडवल लागे तें छातीचें आणि घशाचें.

या राक्षसाला खरा मानणारा प्रेक्षक त्या काळींहि क्वचितच असेल. सकाळीं ज्याला नदीवर दांत घांसतांना पाहिला तोच रात्रीं बाणासुर होऊन आला आहे, हें गांवाला ठाऊक असे. तरीहि राळ भडकली कीं पुढचीं मुलें मागें पळत, आणि मागचीं माणसें त्यांना हंसतां हंसतां स्वतःच दोन बोटें मागें सरकत. विदूषकाचें काम येथेंच होतें. राक्षसानें ताण आणावयाचा आणि विदूषकानें तो सोडवावयाचा. भवभूतीच्या नाटकांत विदूषक नाहीं, हें संस्कृतज्ञांनीं फार पूर्वीं हेरलें आहे. त्याला आपलें स्मशान शुद्ध ठेवावयाचें होतें. भाव्यांच्या रंगभूमीनें मात्र स्मशानाच्या दाराशींच विदूषकाला उभा केला. माझ्या मतें यांत भाव्यांनीं नकळत अभिनवगुप्ताचें म्हणणें अंमलांत आणलें.

१८५३ सालीं हीं नाटकें मुंबईस गेलीं. पण १८५७ सालीं विद्यापीठ आलें, शेक्सपीअर आणि कालिदास यांचीं भाषांतरें आलीं, १८६१ सालीं कीर्तन्यांचें 'थोरले माधवराव पेशवे' आलें, आणि शिकलेल्या मंडळींना राक्षसाची लाज वाटूं लागली. त्याच्या आरोळीवरूनच त्यांनीं या जुन्या खेळांना 'अललडुर्र'चीं नाटकें असें नांव ठेवलें. कोणी 'तागडथोम' म्हणे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास किर्लोस्करांचें 'शाकुंतल' झालें आणि राक्षसाचा निकालच लागला. जें आलें तें निःसंशय थोर होतें. त्याबद्दल मला कांहींच वाद घालावयाचा नाहीं. एवढेंच विचारावयाचें आहे कीं, राळेच्या त्या लोळाबरोबर आपण मुलांची किंकाळीहि नाट्यगृहांतून बाहेर घालविली, ती गेली कोठें?

ती खेड्यांत गेली. किंबहुना तेथें ती होतीच. कोंकणच्या दशावतारांत संकासुर काळा वेष आणि लांब तांबडी जीभ घेऊन येतो, वेद चोरतो, आणि चोरतां चोरतां मालवणींत अशा कोट्या करतो कीं त्याची भीति वाटावी कीं त्याला पान द्यावें हें कळूं नये. आमच्या बाजूस पैनगंगेपलीकडे आदिलाबादेंत गोंडांच्या दंडारींत घुसाडी असतात. अंगाला राख, पाठीवर कातडें, डोक्यावर मोरपिसांचा प्रचंड मुकुट. त्यांचा मान देवासारखा आणि चेष्टा विदूषकासारखी. एकाच अंगांत दोन्ही. आणि खुद्द यवतमाळ शहराचा दुर्गोत्सव घ्या. नवरात्रांत मंडपामंडपांतून देवीच्या पायाखालीं महिषासुर पडलेला असतो, छातींत त्रिशूळ, आणि जखमेंतून तांबडा रंग वाहतो आहे. आपण सुसंस्कृत आईबाप मुलांना खांद्यावर घेऊन तें दाखवावयास नेतों. तेथें 'हीन अभिरुचि' हा शब्द कोणाच्या तोंडीं येत नाहीं.

आतां सिनेमाकडे वळूं. सिनेमाच्या व्यापाऱ्यांनीं देशाचे जे विभाग पाडले त्यांतल्या एकाचें नांव 'सी. पी. बेरार'. तो प्रांत नकाशावरून जाऊन कैक वर्षें लोटलीं, पण व्यापाराच्या वहींत तो टिकला. आणि वऱ्हाडचा एक जिल्हा म्हणून यवतमाळ त्यांतच येतें. या विभागांतल्या लहान गांवीं आणि यात्रांतल्या तंबूंत जे चित्रपट पुनःपुन्हां चालले त्यांत रामसे बंधूंचे चित्रपट होते. रामसे घराण्याचा इतिहास आपल्या नभोवाणीच्या श्रोत्यांना विशेष आवडावा, कारण तो रेडिओच्या दुकानापासून सुरू होतो. फत्तेचंद रामसिंघानी यांचें कराचीस रेडिओचें दुकान होतें. फाळणीनंतर तें मुंबईस लॅमिंग्टन रस्त्यावर आलें. त्यांना सात मुलगे. बापानें चित्रपट काढण्याचा नाद घेतला, आणि १९७० सालीं त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' हा चित्रपट पडला. परंतु मुलांनीं चित्रपटगृहांत बसून एक गोष्ट हेरली. एका प्रवेशांत पृथ्वीराज कपूर विक्राळ मुखवटा घालून चोरी करतो. तेवढ्या प्रवेशाला प्रेक्षक जागे होत, ओरडत आणि खूष होत. मुलांनीं बापाला सांगितलें कीं आपण सबंध चित्रपटच तेवढ्याचा काढूं. १९७२ सालचा 'दो गज ज़मीन के नीचे' हा असा निघाला. सारें कुटुंब महाबळेश्वरास गेलें. एका भावानें छायालेखन, एकानें ध्वनि, एकानें संकलन आणि दोघांनीं दिग्दर्शन अशी कामें वांटून घेतलीं. भाव्यांची नाटकमंडळी याहून फार निराळी नसावी. येथेंहि राक्षस शोधून काढला तो प्रेक्षकांनीं. मंडळींनीं फक्त त्यांचें ऐकलें.

'पुराना मंदिर' हा १९८४ सालचा. त्यांतला सामरी झाला होता अनिरुद्ध अग्रवाल हा अतिशय उंच नट. कथा सांगण्यासारखी नाहीं. राजानें राक्षसाचें डोकें उडविलें, तें पेटींत बंद केलें, धड दुसरीकडे पुरलें, आणि वंशाला शाप लागला. पण या कथेच्या मधोमध, कोणताहि संबंध नसतांना, जगदीप हा विनोदी नट 'शोले'मधल्या गब्बरसिंगाची नक्कल करीत मच्छरसिंग या नांवानें धुमाकूळ घालतो. शहरांतल्या समीक्षकांनीं हें ठिगळ म्हणून हिणविलें. ठिगळ तें आहेच, आणि मच्छरसिंगाचे कित्येक विनोद मलाहि असह्य झाले. तरी तंबूंत बसून पाहतांना त्याचा उपयोग मला समजला. पंधरा मिनिटें राक्षस, दहा मिनिटें विदूषक. सांगलीचीच ही रीत. आणि ती सांगलीचीहि एकटीची नव्हे. पॅरिसमध्यें १८९७ सालीं एका जुन्या प्रार्थनामंदिरांत 'ग्रां गिन्योल' नांवाचें चिमुकलें नाट्यगृह निघालें. तेथें एकाच रात्रीं डोळे काढण्याचें एक छोटें नाटक आणि लगेच एक चावट प्रहसन असा क्रम असे, आणि किती प्रेक्षक मूर्च्छित पडले यावरून नाटकाचें यश मोजीत. सांगलीचें नांवहि न ऐकलेल्या माणसांना तोच क्रम सांपडावा, यावरून तो मनुष्याच्या मनांतच कोठें तरी असला पाहिजे.

मराठींत या गोष्टीचा कळस झाला तो १९९३ सालीं, महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' या चित्रपटांत. कल्पना अमेरिकन चित्रपटावरून सुचलेली. १९८८ सालच्या 'चाइल्ड्स प्ले'मध्यें एका गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यांत शिरतो. पण येथें तो गुन्हेगार झाला तात्या विंचू, त्याचें काम केलें दिलीप प्रभावळकरांनीं, बाहुला घडविला रामदास पाध्ये यांनीं, आणि तो ज्याच्या मागें लागतो तो लक्ष्मीकांत बेर्डे. रामदासांचे वडील यशवंतराव पाध्ये यांचा बोलका बाहुला अर्धवटराव आपल्या आजोबांच्या पिढीनें पाहिलेला आहे. बापाच्या बाहुल्यानें महाराष्ट्राला हंसविलें आणि मुलाच्या बाहुल्यानें भिवविलें असें म्हणावें, तर तेंहि पुरतें खरें नाहीं. तात्या विंचू पाहून जें मूल भ्यालें तेंच दुसऱ्या दिवशीं शाळेंत 'ॐ फट् स्वाहा' म्हणत मित्रांच्या मागें धांवलें. तो मंत्रहि नीट ऐकावा. तो अघोरघंटाच्याच घराण्यांतला आहे. पद्मपूरच्या कवीचा कापालिक बाराशेंहून अधिक वर्षांनीं मुलांच्या खेळण्यांत येऊन बसला, आणि कोणालाहि त्याची ओळख पटली नाहीं.

येथें एक गंभीर आक्षेप घेतां येईल, आणि तो मी टाळूं इच्छीत नाहीं. भूत, शाप आणि मंत्र दाखवून हे खेळ अंधश्रद्धा वाढवीत नाहींत काय? ज्या राज्याला २०१३ सालीं नरबळी आणि जादूटोणा यांच्याविरुद्ध कायदा करावा लागला, आणि त्याच वर्षीं ज्या राज्यांत त्या कायद्यासाठीं झटणाऱ्या डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्या राज्यांत हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याचा नाहीं. माझें मत सांगतों. ज्याचा रंग दिसतो, ज्याच्या मुखवट्याची शिवण दिसते, तो राक्षस प्रामाणिक आहे. तो स्वतःच सांगतो कीं मी खोटा आहे. भय आहे तें गंभीर चेहऱ्यानें सांगितलेल्या 'सत्यकथे'चें, अंगांत आलेल्या बुवाचें, आणि सोन्याच्या हंड्यासाठीं मुहूर्त काढणाऱ्या मांत्रिकाचें. त्यांच्याजवळ विदूषक नसतो. त्यांच्यासमोर कोणी हंसला तर त्यांचा धंदा बुडतो. रामसे बंधूंचा मात्र हंसण्यावरच चालला. म्हणून मुलानें कोणतें भूत पाहावें असें मला कोणी विचारलें, तर मी तांबड्या रंगाचेंच भूत सुचवीन.

शिवाय खरी भीति कशी असते हें या जिल्ह्याला शिकवावें लागत नाहीं. २०१६ ते २०१८ या काळांत पांढरकवडा आणि राळेगांव या भागांत एका वाघिणीनें दहशत बसविली होती. वनखात्याच्या कागदांत ती टी-१, लोकांच्या तोंडीं अवनि. तेरा माणसांचे मृत्यू तिच्या नांवावर मांडले गेले. न्यायालयांत तिच्या बाजूनें आणि विरुद्ध वाद झाले, तिला भुलविण्यासाठीं परदेशी अत्तर वापरण्याचाहि प्रयोग झाला, आणि २ नोव्हेंबर १९१८ नव्हे, २०१८ रोजीं, म्हणजे अगदीं आपल्या डोळ्यांदेखत, राळेगांव तालुक्यांत बोराटीजवळ तिला गोळी घातली गेली. त्या दोन वर्षांत कापसाच्या शेतांत माणसें एकटीं जाईनाशीं झालीं, आणि दिवस कललाच कीं घरीं परतूं लागलीं. खऱ्या भीतीला आरोळी नसते. ती माणसांना एकेकट्या घरांत कोंडते आणि अंगण ओस पाडते. खोटी भीति याच्या नेमकी उलट. ती चारशें माणसांना एका कनातीखालीं मांडीला मांडी लावून बसविते, आणि एकाच क्षणीं सर्वांना ओरडावयास लावते. ग्रां गिन्योल १९६२ सालीं बंद पडलें तेव्हां त्याच्या शेवटच्या चालकानें असें कारण दिलें कीं महायुद्धांतल्या छळछावण्या जगानें पाहिल्यावर आमच्या रंगाच्या रक्ताला कोण भिणार. पॅरिसच्या बाबतींत तें खरें असेल. आमच्या बाजूचें उत्तर मला निराळें दिसतें. खरी भीति ज्यांच्या शेताच्या धुऱ्यावर उभी असते त्यांनाच खोट्या भीतीची गरज अधिक, आणि तिची पारखहि अधिक.

त्या यात्रेंतला खेळ मध्यरात्रीनंतर संपला. तंबूबाहेर बैलगाड्या सोडलेल्या होत्या आणि अंधार एवढा कीं आपलाच हात दिसूं नये. ते आजोबा आणि नातू माझ्याच पुढें चालत होते. सापकिरडूं निघेल म्हणून आजोबांनीं मुलाला मागें ओढलें आणि हातांतली बॅटरी त्याच्याजवळ दिली. मुलानें चार पावलें ती रस्त्यावर पाडली. मग हळूच थांबून ती आपल्या हनुवटीखालीं धरली, दांत बाहेर काढले, आणि आजोबांकडे वळून सामरीसारखी आरोळी ठोकली. आजोबा "अवं माय!" म्हणून दोन पावलें मागें सरले, पागोट्याला हात लावला, आणि नातवाचें समाधान होईपर्यंत अगदीं मन लावून भ्याले.